सोळावे मिनिट

महोदय,

आपल्या गोव्यात मे महिन्यात वाड्यावाड्यांवर खुरसापाशी (क्रुसापाशी) लदीन म्हणजे सामुदायिक प्रार्थना होते, 24 जूनला संत जॉनचा सांजाव, 29 जूनला होड्यांचा सण सांगोड. जुलै लागला की ही धामधूम ओसरते आणि पुष्कळ ख्रिस्ती घरांत तीच तक्रार ऐकू येते : प्रार्थनेत मन लागत नाही, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) नुसता तोंडाने म्हटला जातो, मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाणे म्हणजे हजेरी लावणे झाले आहे. यावर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे ‘विश्वास वाढवा’. तहानलेल्याला ‘पाणी पी’ म्हणायचे आणि विहीर कुठे आहे ते सांगायचे नाही, त्यातला हा प्रकार.

विहीर आपल्याकडे आहे. 31 जुलैला जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याचा सण येतो. ओल्ड गोव्यात ज्यांचे शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर 1534 साली पॅरिसमध्ये याच इग्नेशियसच्या मार्गदर्शनाखाली तीस दिवसांच्या साधनेला बसले होते. त्या साधनेत मनाच्या कोरडेपणाबद्दल नेमके नियम घालून दिलेले आहेत. पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा : कोरडे दिवस चालू असताना आधीचा निर्णय बदलू नये. आपण नेमके उलटे करतो. मन लागत नाही म्हणून प्रार्थनेची वेळ बदलतो, मग प्रार्थनागट बदलतो आणि शेवटी सगळेच सोडून देतो. कोरडेपणाची कारणेही तिथे तीन सांगितली आहेत : आपला आळस, आपली परीक्षा, आणि समाधान ही आपली कमाई नव्हे हे कळावे म्हणून देवाने हात आखडता घेणे. पहिलेच कारण आपल्या हाती आहे. बाकीच्या दोहोंसाठी स्वतःला दोष देत बसू नये.

आता मुख्य गोष्ट, वेळेची. उत्साहाच्या भरात लोक रोज एक तास ठरवतात आणि चौथ्या दिवशी मोडतात. पंधरा मिनिटे ठरवावीत, पण जागा आणि वेळ पक्की. सकाळचा चहा होण्याआधी, एकाच खुर्चीत. बायबल छापील घ्यावे. मोबाइलवर उघडले की वरून निरोप टपकतात आणि पंधरातली सात मिनिटे तिथेच जातात. पावसात पाने चिकटतात, म्हणून पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे, हे सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

पहिली दोन मिनिटे काहीही न म्हणता बसायचे. मग बायबलमधल्या स्तोत्रांपैकी एक, मोठ्याने, सावकाश. रोज नवे नको, आठवडाभर एकच. सुरुवातीला तेरावे घ्यावे. त्यात सहाच वचने आहेत : पहिल्या दोनांत ‘मला किती काळ विसरणार’ अशी सरळ तक्रार, पुढच्या दोनांत मागणे, शेवटच्या दोनांत भरवसा. भरवशाची वचने तोंडातून निघत नसतील तर चौथ्या वचनावर थांबावे, खोटे म्हणू नये. दुसऱ्या आठवड्यात बेचाळिसावे. त्यात स्वतःच्याच जिवाला ‘तू का खचलास’ असे विचारले आहे, पाचव्या वचनात आणि पुन्हा अकराव्यात. एकदा विचारून भागत नाही हे त्या कवीला ठाऊक होते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तेही पवित्र शास्त्रात आहे. स्तोत्र झाले की ज्या शब्दावर मन अडले तो घेऊन उरलेला वेळ बसायचे. विचार भरकटला की त्या शब्दावर परत यायचे. दहा वेळा भरकटला तर दहा वेळा.

बाराव्या मिनिटाला उठावेसे वाटतेच. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या एव्हाग्रियस या ख्रिस्ती साधूने अशाच कंटाळलेल्या साधूचे वर्णन केले आहे : सूर्य जागचा हलत नाही असे त्याला वाटते, तो सारखा खिडकीकडे बघतो, मग आपण दुसऱ्या जागी गेलो असतो तर बरे झाले असते असे त्याच्या मनात येते. इग्नेशियसचा उपाय असा की, कोरडे वाटेल त्या दिवशी ठरल्या वेळेपेक्षा थोडे जास्तच बसावे. म्हणजे पंधरा ठरली असतील तर सोळा. एका मिनिटाने काय होणार, असे वाटेल. उठायचे कधी हे कंटाळ्याने ठरवायचे नाही, एवढे त्या मिनिटात साधते.

रात्री दहा मिनिटांची उजळणी : आभार, प्रकाश मागणे, दिवस तासातासाने आठवणे, क्षमा मागणे, उद्याचे एक काम ठरवणे. इथे चूक होते ती ठरलेली. लोक आभार वगळून थेट पापांच्या यादीवर येतात आणि महिनाभरात उजळणीची धास्ती बसते. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात त्या दिवसाचा एकच शब्द लिहावा : ‘कोरडे’, ‘शांत’, ‘चिडचिड’. महिन्याचे पान उलटताना दिसते की ‘कोरडे’ बहुधा जागरणाच्या दुसऱ्या दिवशी येते.

एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली ‘आता मरण दे’ म्हणत झोपला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले. तेव्हा आधी झोप आणि जेवण बघावे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर ती प्रार्थनेतली मरगळ समजू नये. डॉक्टरांकडे जावे. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे. पाद्रींनीही अशा माणसाला केवळ नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सांगून परत पाठवू नये.

शिवाय हे एका माणसाला तरी सांगावे, कुमसाराच्या (पापकबुलीच्या) वेळी किंवा जाणत्या मित्राला. मनातले मोह गुप्त राहिले तरच शत्रूचे फावते, असे इग्नेशियसचाच तेरावा नियम म्हणतो. सांगताना मात्र ‘माझी श्रद्धा गेली’ असे मोघम बोलू नये. कधीपासून, कोणत्या वेळी, काय बंद पडले, हे सांगावे.

आणि एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी तीस मिनिटे बसून भरपाई करू नये. पंधराच बसावे.

— एक वाचक, फोंडा