कंसातल्या ‘मॅनेजमेंट’पायी माझी फी माफी अडकली, साहेब

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

साहेब, पत्रास कारण की सोमवारी माझा फी माफीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला. आधी दोनदा आला तेव्हा कारण तरी समजण्यासारखं होतं, एकदा उत्पन्नाचा दाखला पुसट स्कॅन झालेला आणि एकदा आधारवर बाबांच्या नावात एक काना जास्त. ह्यावेळचा शेरा वाचा, "मॅनेजमेंट कोटा, अपात्र". माझी ॲडमिशन सीईटी देऊन, सरकारच्याच कॅप प्रवेश राउंडमधून, पहिल्याच लिस्टला झालेली, अलॉटमेंट लेटर अर्जाला जोडलेलं. मग संस्थाचालक स्वतः भरतात त्या जागांचा कोटा आला कुठून? तर माझ्या कोर्सचं नाव एमसीए (मॅनेजमेंट) आहे. कुणीतरी कंसातला तेवढा शब्द वाचला आणि दाबलं बटण.

तुम्हाला माहीत असेलच, पण तुमच्या माणसांना नाही म्हणून सांगते. ही कॉम्प्युटरचीच मास्टर्स डिग्री आहे. जावा, डेटा स्ट्रक्चर, पायथन सगळं आहे, आणि जोडीला सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेजमेंट, ऑप्टिमायझेशन टेक्निक्स वगैरे. पुणे विद्यापीठात हा कोर्स वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेखाली येतो, सायन्सचा एमसीए वेगळा, म्हणून हा कंस. पूर्वी तीन वर्षांचा होता, 2020-21 पासून दोन वर्षांचा केला. माझ्या मावशीनंपण विचारलं होतं, "मॅनेजमेंट म्हणजे डोनेशन भरून घेतलं का गं?" तेव्हा मी हसले होते. मावशी सातवी शिकलेली आहे, अर्ज तपासायचा पगार तिला मिळत नाही.

आता 8 जुलै 2024 चा तुमचा जीआर. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुली, उत्पन्न 8 लाखांच्या आत, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ, आधी 50 टक्के होतं. आमच्या तालुक्याच्या चौकात त्याचे फ्लेक्स एवढे लागले की एसटी स्टँडचा बोर्ड दिसेना. खरं सांगते, बीएससी झाल्यावर घरात स्थळं बघायला सुरुवात झाली होती, त्या फ्लेक्सचा फोटो दाखवून मी बाबांना गप्प केलं. ओबीसी, नॉन क्रिमिलेयर, दीड एकर स्वतःची आणि अडीच बटाईची जमीन, आमचं उत्पन्न 8 लाखाच्या आत आहे का हे विचारणंसुद्धा चेष्टा आहे.

आणि पुण्यात आल्यावर कॉलेजच्या खिडकीवर काय, तर "आधी भरा, शासनाचे आले की तुमचे परत देऊ". मोफत म्हणजे आधी भरायचं हे फ्लेक्सवर कुठं लिहिलं होतं? त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव 4892 होता. बाबा थांबले असते तर खरेदी केंद्रावर नंबर लागला असता कदाचित, पण फीची तारीख थांबत नव्हती म्हणून आडत्याला 3900 नं घातलं, 22 क्विंटल की 23, नक्की आठवत नाही. गुणाकार तुम्हीच करा, मला तो करवत नाही. मोफत शिक्षणात आम्ही पहिला तोटा तिथं खाल्ला. वरून कॉट बेसिसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं, मेस, आणि डेव्हलपमेंट फी तर माफीत धरतच नाहीत.

मी एकटीच रडतेय असं समजू नका. वर्गात 60 जण, त्यात मुली 26 का 27. मी ग्रुपवर पोल टाकला, 19 जणींनी आधी फी भरलीय, चौघींनी उत्तरच दिलं नाही. एका वर्गात हे, मग राज्यात किती असतील? आकडा काढायचं काम तुमच्या खात्याचं आहे, माझं नाही.

आम्हाला सीपीएम, म्हणजे क्रिटिकल पाथ मेथड शिकवतात. कामांचं जाळं काढायचं, कुठल्या कामाला किती दिवस ते लिहायचं आणि सगळ्यात लांब रस्ता शोधायचा, तो क्रिटिकल पाथ, त्यातलं एक काम लटकलं की अख्खा प्रोजेक्ट लटकला. परवा रात्री झोप लागेना म्हणून मी माझ्याच अर्जाचं जाळं काढलं. तलाठी, सेतू, तहसील, कॉलेजचा क्लार्क, मग तुमच्याकडची तपासणी. माझ्या हातातली सगळी कामं मिळून अकरा दिवस. बाकी चौदा महिने एका टेबलावर, जिथला माणूस कोण हे कुणालाच माहीत नाही. हेल्पलाइनवर सांगतात कॉलेजला विचारा, कॉलेज म्हणतं पोर्टलला विचारा. आम्ही परीक्षेत असा प्रोजेक्ट मांडला तर सर नापास करतील. पण सर तरी काय करतील, ते स्वतः सीएचबीवर आहेत, तासावर पैसे, तेही दिवाळीपासून थकलेत. जो माणूस आम्हाला डेडलाइन शिकवतो त्याच्या पगाराला डेडलाइन नाही. आणि तुम्ही मात्र 2024 पासून बीसीए-बीबीएलापण सीईटी लावली, म्हणजे पोरांनी परीक्षा द्यायची, तिची फी भरायची, मग राउंडच्या तारखा पुढं जातात त्या बघत बसायचं. परीक्षा सगळ्या आमच्याच का? एकदा तुमच्या पोर्टलची घ्या की सीईटी, मोबाईलवरून एक दाखला अपलोड करून दाखवा.

मागणी छोटीच आहे. अर्ज तपासणाऱ्याच्या पुढं कोर्सची यादी ठेवा, आणि शेरा मारणाऱ्याचं नाव शेऱ्याखाली येऊ द्या. माझं हॉलतिकीट ड्यूज म्हणून अडवलंय, शुक्रवारी शेवटची तारीख. बाबांना अजून सांगितलं नाही. सांगितलं तर ते काही बोलणार नाहीत, गोठ्यात जाऊन म्हशीकडं बघत उभे राहतील, आणि मला ते नकोय.

अर्ज क्रमांक इथं देत नाही. तो तुमच्याकडंच आहे, परत पाठवलेल्यांच्या ढिगात बघा.

आपली,
एक विद्यार्थिनी, सेकंड इयर
एमसीए (मॅनेजमेंट), कंसातला शब्द कोर्सचा आहे