आई, तू ये, पण कामाला नको

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलायला गेलो की आई "बरं बरं, ठेव आता, बाळ रडतंय" म्हणते आणि मुद्दा तिथेच राहतो. म्हणून लिहितोय. बाबा, आधी शेवटपर्यंत वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

ठरलंय ते असं. एक तारखेपासून मी आठवड्याचे चारच दिवस कामावर जाणार, पगारही त्या हिशेबाने कमी होणार. अनू तिची रजा संपवून पूर्णवेळ रुजू होतेय. बाळ पाळणाघरात जाईल, चिऊ जाते तिथेच. आणि आई, तू बॅग भरायला काढलीस असं ताई म्हणाली. ती बॅग परत माळ्यावर जाऊ दे. सहा महिने येऊन राहायचं तुझ्या मनात आहे, ते नको.

लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस. तू नकोशी आहेस म्हणून नाही गं. बाळ आता साडेआठ किलोचं झालंय. उचल, पाळण्यात ठेव, पुन्हा उचल, आंघोळ, कपडे, पुन्हा कडेवर, हे दिवसभर चालतं. तुला डॉक्टरांनी जमिनीवर बसायला आणि वजन उचलायला मनाई केली आहे. चिऊच्या वेळी तू रात्री गुडघ्यांना पट्टे बांधून झोपायचीस, हे तू ताईला सांगितलंस, मला नाही. शिवाय तू इकडे आलीस की तिकडे बाबांच्या गोळ्या कोण बघणार? स्टेंट बसवल्यापासून त्यांची रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकून चालत नाही, आणि बाबांना विचारलं तर ते "घेतली" असंच म्हणणार.

आजीने तुझ्या नोकरीसाठी मला सांभाळलं, म्हणून तू माझ्या मुलांना सांभाळायलाच हवंस असं तुझ्या डोक्यात आहे, मला माहीत आहे. पण आजी तेव्हा बावन्न वर्षांची होती, आई. तू अडुसष्टची आहेस. आणि तेव्हा शेजारी काकू होत्या, वरच्या मजल्यावर सगळी पोरं होती. इथे तू आणि दोन मुलं, दिवसभर, बंद दाराआड. चौथ्या दिवशी तूच आजारी पडशील आणि मग मी तिघांना बघेन.

बाबा, तुमचा मुद्दा मला ऐकू येतोय. "बढती समोर असताना कोणी असं करतं का?" मीही बराच हिशेब मांडला. बढतीत महिन्यातले निम्मे दिवस फिरती होती. पाळणाघराचा नियम असा की ताप आला की मूल घरी, आणि औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तेव्हाच परत आणायचं. नियम योग्यच आहे. पण पहिल्या दोन वर्षांत मुलांना आठ-दहा वेळा सर्दी होणं नेहमीचंच, त्यात धाकटा बरा झाला की थोरलीला. प्रत्येक वेळी फोन येणार आणि प्रत्येक वेळी अनूच मीटिंगमधून उठणार, तर वर्षभरात तिला कोणी महत्त्वाचं काम देणार नाही. आता पहिला फोन मला येतो. तिथल्या यादीत माझा नंबर वर लिहून घेतलाय.

घरकामाचं म्हणाल तर भांडी-कपडे याचा फारसा प्रश्न नव्हताच, ते कसंही होतं. दमवतं ते लक्षात ठेवणं. नवव्या महिन्याची गोवरची लस कधी, डायपर एक माप मोठा कधी घ्यायचा, पिशवीत जादा कपड्यांचे दोन जोड आहेत का, बाटलीच्या झाकणावर तारीख घातली का. काढलेलं दूध बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, त्यामुळे ती तारीख महत्त्वाची. हे सगळं एकट्या अनूच्या डोक्यात असायचं आणि मी "काय करू सांग" म्हणून उभा. आता लस, डॉक्टर, औषधं आणि पाळणाघराची पिशवी हे पूर्ण माझं खातं. तिने आठवणही करायची नाही, असं ठरलंय. (ती करतेच. तो वेगळा विषय.)

झोपेचं विचारू नका. या वयाची बाळं दिवसातून बारा-चौदा तास झोपतात हे खरं आहे, फक्त ते सलग झोपत नाहीत. सध्या मी खोलीबाहेर पडलो तरी बाळ रडतं. डॉक्टर म्हणाले, आठव्या-नवव्या महिन्यात सगळ्यांचंच होतं, माणूस ओळखायला लागलंय म्हणून रडतंय. पाळणाघरात पहिले दिवस तासभरच ठेवणार आहोत, मग हळूहळू वाढवू. तेव्हा आई, "तान्ह्याला परक्यांकडे टाकलं" असं मनात आणू नकोस. तिथल्या बाई चिऊला तीन मिनिटांत झोपवतात, मला चाळीस लागतात.

आणि लहानपणी माझ्या गळ्यात घराची किल्ली असायची, ते तू परवा पुन्हा काढलंस. आई, मला त्या किल्लीचं कधीच वाईट वाटलं नाही. तू यायच्या वेळेला मी जिन्यात बसायचो, तुझ्या चपलांचा आवाज खालच्या वळणापासून ओळखायचो. तू पर्स न काढताच मला जवळ घ्यायचीस, तिचं बक्कल कानाला टोचायचं. मला तेवढंच आठवतं. चिऊ आता संध्याकाळी पाळणाघराच्या जाळीला नाक लावून उभी असते, आणि मला बघितल्यावर आधी पाठ फिरवते, मग पळत येते. तूही हसायचीस का माझ्याकडे बघून?

आता तुमचं येणं. या, नक्की या, दोघंही, पंधरा दिवस, पाहुण्यासारखे. तुमची खोली तशीच आहे. पलंगाची उंची वाढवून घेतली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, पंख्याचा आवाजही गेला. सकाळचा चहा बाबांना मी देईन, तुम्ही उठाल त्या वेळी. चिऊला गोष्टी सांगा, बाळाला बसल्या बसल्या मांडीवर घ्या. उचलून द्यायला मी आहे.

पण काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो. बाबा, कानाच्या मशीनचे सेल उशाशी किंवा टेबलावर ठेवायचे नाहीत, वापरलेलेसुद्धा नाहीत. ते बटणाएवढे सेल मुलांनी गिळले आणि अडकले तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, चेष्टा नाही. आई, तुझ्या बीपीच्या गोळ्यांची डबी पर्समध्ये आणि पर्स वरच्या कप्प्यात. बाळाला वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, एक बोटही नाही, यावर वाद नको. चिऊला गप्प बसवायला मोबाइलवर कार्टून लावायचं नाही. तुम्ही रोज व्हिडिओ कॉल करता तो मात्र चालू ठेवा, आजोबा दिसले नाहीत की ती विचारते.

आणि तोपर्यंत: आई, स्टुलावर चढून माळा आवरायचा नाही. बॅग वर ठेवायला वॉचमनकाकांना बोलाव. बाबा, बुधवारी रक्त तपासायला जायचंय, उपाशीपोटी, रिपोर्टचा फोटो मला पाठवा. आईला पाठवायला सांगू नका, ती अर्धा कापते.

तिकिटं मी काढतो, खालचे बर्थ मिळाले की कळवतो.

तुमचा,
बाळ्या