निक्सन यांची चीनवारी आणि तुमचा जुना राग

वॉशिंग्टन, १६ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र मिळाले. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ मधील चीनभेटीविषयी इकडचे लोक अजून एवढ्या कौतुकाने का बोलतात, असे तुम्ही विचारले आहे. आणि पुढच्याच ओळीत, अपेक्षेप्रमाणे, अमेरिकेच्या सातव्या आरमाराचा उल्लेख आहे. डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धात आपल्यावर दडपण आणण्यासाठी ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात धाडणारा माणूस दोन महिन्यांनी, २१ फेब्रुवारी १९७२ रोजी, पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) विमानतळावर हसतमुखाने उतरतो, हे तुमच्या पिढीने विसरावे असे मी म्हणणार नाही. मात्र येथे राहून त्या भेटीच्या ज्या खुणा मला दिसल्या, त्या कळवते.

विमानाच्या जिन्याच्या पायथ्याशी चीनचे पंतप्रधान चौ एन लाय उभे होते. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी त्यांच्याशी हस्तांदोलन करण्याचे टाळले होते, असे सांगतात. निक्सन यांना त्याची जाणीव होती, म्हणून त्यांनी सहकाऱ्यांना विमानातच थांबवले आणि लाल कोट घातलेल्या पत्नी पॅट यांच्यासह उतरून स्वतः आधी हात पुढे केला. रात्रीच्या मेजवानीत चिनी लष्कराच्या वाद्यवृंदाने अमेरिकी लोकगीते वाजवली. हे सारे दूरचित्रवाणीवरून अमेरिकेत दिसत होते, आणि वीस वर्षे केवळ शत्रू म्हणून ठाऊक असलेल्या देशातील चेहरे लोक प्रथमच घरबसल्या पाहत होते. कौतुकाचे मूळ मला वाटते येथे आहे, करारमदारांत नाही.

तुमचा राग ज्या वाटेवर आहे, ती वाटही मी वाचून काढली. एप्रिल १९७१ मध्ये अमेरिकेचा टेबल टेनिस संघ चीनला जाऊन आला, ही गोष्ट सगळे सांगतात. पण खरी बोलणी पाकिस्तानमार्फत चालली होती. जुलैमध्ये निक्सन यांचे सल्लागार किसिंजर आधी दिल्लीला आले, तेथून पाकिस्तानात गेले, पोट बिघडल्याचे सोंग केले आणि गुपचूप पेकिंगला जाऊन आले. त्याच महिन्यांत पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आपल्याकडे येत होते. ही मध्यस्थी पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष याह्याखान यांच्या चांगलीच पथ्यावर पडली, यात शंका नाही.

भेटीच्या अखेरीस निघालेल्या शांघायच्या संयुक्त निवेदनाविषयी थोडेच लिहिते. त्यात दोन्ही देशांनी आपापली भिन्न मते वेगवेगळी लिहिली, हा प्रामाणिकपणा मला आवडला. तैवान चीनचा भाग आहे असे सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंचे चिनी मानतात, याची अमेरिकेने नोंद घेतली आणि त्या मताला आपण आव्हान देत नाही, एवढेच म्हटले. ते मत स्वतःचेही आहे, असे मात्र कोठे म्हटले नाही. त्या शब्दयोजनेवर आजही वाद चालतात.

जाता जाता एक गोष्ट. फ्रेंच राज्यक्रांतीच्या परिणामांविषयी विचारले असता ‘आताच सांगणे घाईचे होईल’ असे चौ यांनी त्या दौऱ्यात उत्तर दिले, हा तुमचा आवडता किस्सा दुरुस्त करावा लागेल. निक्सन यांचे दुभाषे चास फ्रीमन यांनी पुढे खुलासा केला की बोलणे १९६८ च्या पॅरिसमधील उठावाविषयी चालले होते. तीन-चार वर्षांपूर्वीच्या घटनेविषयी असे उत्तर देणे अगदीच साधे. परंतु गैरसमज इतका देखणा होता की तो कोणालाच सोडवेना.

मी येथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात पांडा पाहून आले. मेजवानीत चौ यांनी पांडाचे चित्र असलेल्या सिगारेटच्या डब्याकडे बोट दाखवून पॅट यांना ‘हे देऊ’ म्हटले, त्यांना वाटले सिगारेटी, अशी कथा सांगतात. बरोबर आजच्याच तारखेला, १९७२ साली, लिंग-लिंग आणि शिंग-शिंग ही जोडी या शहरात आली. बदल्यात अमेरिकेने ध्रुव प्रदेशातील केसाळ मस्क बैलांची जोडी पाठवली, जिची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. वॉशिंग्टनच्या त्या जोडीला पाच पिल्ले झाली, पण एकही जगले नाही. पुढे चीनने पांडा भेट देणे बंद करून ते ठरावीक मुदतीने व पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये येथील पांडा परत गेले, तेव्हा दोन देशांचे बिनसल्याची चर्चा झाली. पुढच्या वर्षी बाओ ली आणि छिंग बाओ आले. एखाद्या प्राण्याच्या येण्याजाण्यावरून राजकारणाची नाडी पाहण्याची सवय त्या दौऱ्यानेच लावली.

संगीताच्या बाबतीत तर तो दौरा माझ्या मते अधिकच फळला. सप्टेंबर १९७३ मध्ये यूजीन ऑर्मंडी यांचा फिलाडेल्फिया वाद्यवृंद चीनमध्ये गेला. सांस्कृतिक क्रांतीत पाश्चात्त्य अभिजात संगीत वर्ज्य झालेले असताना तेथे बीथोव्हेन वाजला, आणि तोही माओ यांच्या पत्नी च्यांग छिंग यांच्या आग्रहावरून पाचव्या सिंफनीऐवजी सहावी.

या दौऱ्यावर जॉन अॅडम्स यांनी रचलेला ऑपेरा १९८७ मध्ये ह्यूस्टनला प्रथम रंगमंचावर आला. आपल्या संगीत नाटकासारखेच समजा, फक्त येथे संवादही गाऊनच होतात. निक्सन दांपत्याने पाहिलेले क्रांतिकारी नृत्यनाट्य त्यात पुन्हा घडते. त्यातील अत्याचार खरा समजून पॅट मध्ये धावतात, आणि जमीनदाराचा क्रूर हस्तक रंगवतो तो किसिंजर यांचेच काम करणारा गायक! तुम्ही पाहिलात तर या एका पात्रयोजनेवर नक्की खूश व्हाल. शेवटच्या अंकात मोठेपणाचे सारे मुखवटे उतरवून ही मंडळी रात्री आपापल्या पलंगांवर जुन्या आठवणी काढत बसतात. मात्र पात्रांच्या यादीत याह्याखान नाहीत. मी ती दोनदा तपासली.

आईला साष्टांग नमस्कार सांगावा. पत्राचे उत्तर, रागासह, अवश्य पाठवावे.

आपली आज्ञाधारक,
धाकटी