नारळ अब्बांच्या हातातच राहिला

प्रिय तांबोशा,

सलाम. आठ महिने झाले, तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. आईचा गुडघा तसाच आहे, माझं बीपी गोळीवर आहे. बाकी बरं.

लिहायचं कारण असं की अब्बांनी तुला काही सांगितलेलं नसणार. कतारपर्यंत ते वाकडंतिकडं होऊन पोचण्याआधी माझ्याकडून तुला कळायला हवं.

यंदा शिमग्याला पालखी मशिदीसमोर थांबली नाही.

दुसऱ्या कुणाला हे सांगून काय कळणार? कोपऱ्यावरच्या चिंचेपाशी ढोल बंद व्हायचे, अब्बा तिसऱ्या पायरीवर नारळ घेऊन उभे, गुरवकाका तो पालखीत ठेवायचे आणि आपण दोघं मागच्या गर्दीत एकमेकांच्या टाचा तुडवायचो. यंदा पुढच्या पोरांनी पालखी नाचवत तशीच पुढे काढली. ढोल वाजतच राहिला. मी मागे दहा पावलांवर होतो. मी अब्बांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नारळ त्यांच्या हातातच राहिला.

आणि मी थांबलो नाही रे. गर्दीबरोबर पुढे गेलो.

आता त्याच्या आधीचं सांगतो. दोन दिवस आधी आपल्या दहावीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला होता, 'यंदा मोहल्ल्यातून पालखी जाऊ देणार नाहीत.' धडधडीत खोटं. आदल्या संध्याकाळी तुझ्या भाबीनं माझ्यासमोर मशिदीपुढचा रस्ता झाडून पाणी मारलं होतं. मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. वाटलं, कशाला वाद. राजापुरात 2025 च्या शिमग्याला काय झालं ते माहीत असूनही! तिथे होळीचा माड मशिदीच्या पायरीला टेकवायची जुनी रीत आहे. ती रीत राहिली बाजूला, व्हिडिओचे तुकडे देशभर फिरले. त्या वेळी मीच तुला रागानं तासभर फोन केला होता. स्वतःच्या गावाची पाळी आली तेव्हा तोंड शिवून बसलो.

22 जुलै 2021 ची पहाट मला विसरता येत नाही. वर पाऊस, खाली खाडीची भरती, वाशिष्ठीला पाणी टाकायला जागाच नव्हती. आई माळ्यावर, पाणी जिन्याच्या अकराव्या पायरीला. तुझा धाकटा होडी घेऊन खिडकीशी आला. आई म्हणाली, आधी देव घे. त्यानं देव्हारा उचलला, मग आईला. तीन दिवस आम्ही मशिदीच्या वरच्या मजल्यावर होतो. बौद्धवाडीतली माणसं फावडी घेऊन आमच्या घरातला चिखल काढत होती. नदीतला गाळ उपसा म्हणून आपण सगळ्यांनी मिळून समिती केली, तिच्या सभा दीड वर्ष चालल्या, मग बंद पडल्या.

(पुराचं निघालं म्हणून सांगतो, आठवीतल्या त्या मॅचचा बॉल नदीत तूच घालवलास. आईसुद्धा साक्ष देईल.)

पालखी न थांबता गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी सहाणेवर, पालखी बसवतात त्या चौथऱ्यावर, गाव बसलं. पोरं म्हणाली, थांबायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. एकदोघं खोटं बोलत होते, त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण बाकीची खरं बोलत होती. विरार-नालासोपाऱ्यात वाढलेली पोरं चार दिवसांसाठी गावी येतात, त्यांना सांगणार कोण? आपणच ना? मी उठलो आणि मेसेज खोटा होता, मला माहीत होतं, मी बोललो नाही, एवढं सगळ्यांसमोर सांगितलं. पाय कापत होते.

मग बौद्धवाडीतले गुरुजी उठले. म्हणाले, "एका नारळासाठी गाव बसलं, चांगलं झालं. माझे आजोबा या सहाणेपासून पन्नास पावलांवर उभे राहायचे. त्यांच्यासाठी गाव कधी बसलं नाही." पुढे त्यांनी महाडची गोष्ट सांगितली. मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर 1927 च्या डिसेंबरात बाबासाहेबांची दुसरी परिषद व्हायची होती. मंडपाला गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं दिली. "तेव्हा कुणाच्या अंगणात कोण उभं राहिलं, ते लक्षात ठेवा."

मी खाली बघत बसलो. अब्बांच्या नारळाचं मला इतकं लागलं, पण त्या पन्नास पावलांचा विचार मी बावन्न वर्षांत एकदाही केला नव्हता. तू केला होतास का? खरं सांग.

पालखी तुमच्या वाडीतही येऊ दे, असं गुरवकाका म्हणाले. गुरुजी म्हणाले, पालखी नको, नळ द्या. पाइपलाइन त्यांच्या वाडीच्या अलीकडेच संपलीय, चार वर्षं झाली. आता ती मागणी आणि गाळाची मागणी एकाच अर्जात आहे. अर्ज मी लिहिलाय, सह्या तिन्ही वाड्यांच्या. भाबीनं बचत गटातल्या सगळ्या बायकांच्या सह्या एका दुपारी आणल्या. पुरुषांच्या अजून अर्ध्याच झाल्यात.

देव देवळात जाण्याआधी पालखी मोहल्ल्यात परत नेली. ढोल चिंचेपाशी थांबले. अब्बा तोच नारळ घेऊन आले. भाबी म्हणत होती, सुकलाय, नवा घ्या. ते म्हणाले, "हा देवीला काढलेला. दुसरा कसा देऊ?" गुरवकाकांनी तो घेतला तेव्हा दोघांचेही हात थरथरत होते. वयानं असेल.

मी अजून अब्बांशी नीट बोललेलो नाही. रोज मशिदीवरून जातो, ते 'चाय पी के जा' म्हणतात, मी कामाचं सांगतो.

तुझ्या मुलीचं इंजिनिअरिंगचं झालं का? नवीन खोलीत एसी चालतो ना? वहिनींना सलाम.

आज संध्याकाळी मी अब्बांकडे चहाला जाणार आहे. तू शुक्रवारी फोन करशील तेव्हा नारळाचा विषय तू काढू नकोस, आधी त्यांना काढू दे.

तुझा,
बाबू