आक्का, तुमच्या मंद जाळाचे आभार

आदरणीय आक्का,
सा. न.

आभार मानायला मी घरी आले, तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत चहाचं आधण ठेवलंत आणि विषय बदललात. म्हणून लिहून कळवतेय, आणि मुद्दाम चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही माझ्या लेकीला फोनवर जे सांगितलंत ते ज्याच्या घरी जून कोंबडा शिजता शिजत नाही अशा प्रत्येकाला उपयोगी पडणारं आहे.

लेक अमेरिकेत विस्कॉन्सिनला असते. जावयांच्या ऑफिसातल्या एकांनी यंदा वसंतात शिकार केली आणि त्यातला एक रानटर्की, म्हणजे कोंबड्यासारखाच पण थोराड रानपक्षी, यांना दिला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानातल्या पाखराला हात लावायचा प्रश्नच नाही. तिकडे मात्र रीतसर परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार करता येते. शिकारीचं मांस विकता येत नाही, म्हणून ते ओळखीपाळखीत वाटतात. विस्कॉन्सिनमधून हा पक्षी पूर्वी पार नाहीसा झाला होता. 1976 मध्ये मिसुरीहून आणून तो पुन्हा रानात सोडला, तेव्हा कुठे आज तो तिथे भरपूर दिसतो. असं पाखरू कुणी आपुलकीनं हातात दिलं, तर ते वातड झालं म्हणून टाकून देणं लेकीच्या जिवावर आलं होतं.

तिला तिथल्या बऱ्याच जणांनी सांगितलं की अख्खा भाजायच्या भानगडीत पडू नकोस. दुकानातला टर्की काही महिन्यांचा, बसून खाऊन वाढलेला, अंगानं चरबट. रानातला दिवसभर पायी हिंडतो, रात्री झाडावर बसतो. छातीला चरबी नावाला नाही आणि तंगड्या म्हणजे नुसत्या शिरा. ओव्हनमध्ये तंगडी मऊ होईपर्यंत छातीचा भुसा होतो. नातेवाइकांनी मग आपापले उपाय सांगितले. कुणी कच्ची पपई, कुणी कुकरच्या शिट्ट्या. मला आठवलात तुम्ही. आखाडीत आपल्या कोल्हापुरात टेंबलाई देवीला पाणी घालून आलं की पेठेत घरोघरी पातेली चढतात, आणि कुणाचा गावरान कोंबडा निबर निघाला की निरोप तुमच्याकडेच येतो.

टर्की तुम्ही कधी पाहिलेला नव्हता. तरी तुमचा पहिला प्रश्न ऐकून जावईसुद्धा खुर्चीत सरसावून बसले. "पायाचा काटा केवढा हाय त्याच्या?" काट्यावरून कोंबड्याचं वय कळतं हे मी तुमच्याकडूनच शिकले. त्यांनी सहकाऱ्याला विचारलं, तर इंचभर. तिथले शिकारीही नर टर्कीचं वय काट्यावरूनच ताडतात म्हणे. म्हणजे पाखरू दोन-तीन वर्षांचं होतं. "मग त्याला घाई करून चालत न्हाई," तुम्ही म्हणालात, "मी सांगतो तसं कर."

दुसरी गोष्ट छर्ऱ्यांची. बंदुकीनं मारलेलं पाखरू आहे म्हटल्यावर तुम्ही तिला प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपायला लावलात. मांसात काळसर डाग किंवा रुतलेलं पीस दिसलं की तिथे दाबून बघायचं. तिला छातीत दोन बारीक गोळ्या सापडल्या. ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

मग तुम्ही पाखराचे दोन वाटे केलेत. "छाती आणि तंगडी एका भांड्यात शिजवायची न्हाई. छाती लवकर हुती, तंगडी उशिरा." छातीवरचा पांढुरका पापुद्रा सोलून, धाग्याच्या आडवे काप करून, ते मीठ घातलेल्या दह्यात रात्रभर ठेवायला सांगितलंत. मिठानं मांस आतलं पाणी धरून ठेवतं. पपईला मात्र तुम्ही साफ नाही म्हणालात, आणि ते मला पटलं. पपईतला पाचक रस वरवरच काम करतो. जाड तंगडीच्या गाभ्यापर्यंत तो पोचत नाही, आणि तोवर बाहेरचं मांस पिठूळ होतं.

तंगड्या, पंख आणि पाठ यांची अळणी, म्हणजे तिखट-मसाला घालायच्या आधीचं मांसाचं पाणी. इथे मला सविस्तर लिहायचंय, कारण सगळी करामत इथे आहे. जाड बुडाचं पातेलं, थोडं तेल, कांदा, त्यावर आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ, आणि मांस. पाणी न घालता आधी परतायचं, मांसाला स्वतःचं पाणी सुटू द्यायचं. पातेल्यावर झाकण म्हणून खोलगट ताट, आणि ताटात पाणी. खालच्या वाफेनं ताटातलं पाणी तापतं आणि तेच गरम पाणी लागेल तसं आत ओतायचं, ताट पुन्हा भरायचं. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि शिजणं मागे पडतं. लेकीच्या घरी इलेक्ट्रिक शेगडी, तिचा आच कमीजास्त करायचा अंदाज वेगळा. तुम्ही तिला आकडा सांगितला नाहीत, कान लावायला सांगितलंत. "ताट खडखडलं की जाळ जास्त झाला समज. मधनंच एखादा बुडबुडा आला पायजे, बास." तिनं फोन पातेल्याजवळ धरला आणि तुम्ही इथे मंगळवार पेठेत बसून "अजून बारीक कर" म्हणालात. ते मी शेजारी बसून ऐकलंय.

जावयांनी नंतर यामागचं कारण वाचून काढलं. ज्या स्नायूंना रोज काम पडतं त्यांच्यात कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन जास्त, आणि वय वाढेल तसं ते घट्ट होत जातं. ओलसर उष्णतेत, साधारण 70 अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळून त्याचं गार झाल्यावर थिजणारं जिलेटिन होतं, पण त्याला तासन् तास लागतात. जाळ मोठा केला तर ते काम फारसं लवकर होत नाही, उलट मांसाचे धागे आक्रसून आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. कुकरनं मांस शिजतं, नाही असं नाही. पण आत काय चाललंय ते कळत नाही, आणि एक शिट्टी जास्त झाली की धागे सुटतात. वरची मांडी तीन तासांत झाली, खालच्या नळीला त्याहून जास्त वेळ लागला. टर्कीच्या नळीतल्या शिरा वयानुसार हाडासारख्या टणक होतात, त्या शिजत नाहीतच. मांस सुटं झाल्यावर तिनं त्या एकेक करून काढून टाकल्या.

रात्री उरलेली अळणी फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी लेकीचा घाबरून फोन, सगळं थिजलंय! मी पातेलं तिरकं करून दाखवायला सांगितलं. चमचा लावला की थरथरत होतं, पण सांडत नव्हतं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलात, "म्हंजे जमलं की." हाडाशिरांतला सगळा कस पाण्यात उतरल्याची ती खूण.

पुढचं आपलं कोल्हापूरचंच. निम्म्या अळणीत नारळाचं दूध आणि काजू-खसखशीचं वाटण घालून पांढरा रस्सा. नारळाचं दूध डब्यातलं होतं, तरी ते घातल्यावर उकळू नको हे तुम्ही दोनदा बजावलंत. उरलेल्या अळणीचा तांबडा, मी पाठवलेल्या कांदा-लसूण मसाल्यात आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्यात. छातीचं सुकं अगदी शेवटी. मसाला आधी तेल सुटेपर्यंत परतून घ्यायचा, काप त्यात थोडे थोडे टाकायचे, आत पांढरं झालं की लगेच उतरायचं. लेकीनं काटेवाला थर्मामीटर लावला होता. तिकडच्या नियमानं 74 अंश लागतात. तुमचं "उतर आता" आणि काट्याचं 74 जवळपास एकाच वेळी आलं.

ज्यांनी पाखरू दिलं होतं त्यांना जेवायला बोलावलं. रानटर्कीची तंगडी ते आजवर कुत्र्याला घालत आले होते. त्यांनी पांढरा रस्सा वाट्यांवर वाट्या प्यायला आणि कृती लिहून घेतली, ताटातल्या पाण्यासकट.

आक्का, हाताची चव असलेली माणसं पुष्कळ असतात. पण विचारलं की "अंदाजानं घालायचं" एवढं बोलून मोकळी होतात. तुम्ही काहीही झाकून ठेवलं नाहीत. इतक्या लांबच्या, न पाहिलेल्या स्वयंपाकघरासाठी झोप मोडून बसलात, कारण तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. पैसे तर सोडाच, साडीसुद्धा घेतली नाहीत. माझी लेक तिथे एकटी पडते असं मला कायम वाटायचं. त्या दिवशी तिच्या शेगडीपाशी तुम्ही होतात. त्याची जाणीव मला कायम राहील.

तिनं पुढच्या वसंतासाठी आताच विचारून ठेवलंय की कलेजी आणि पोटाची पेटी मिळाली तर काय करायचं. तिला म्हटलं, आक्कांनाच विचार. आणि उन्हाळ्यात मसाला करताना मिरच्या आपण एकत्रच घेऊ. ब्याडगी किती, संकेश्वरी किती ते तुम्ही सांगा. डंकावर रांगेत मी थांबेन.

तुमची,
मागच्या गल्लीतली शेजारीण