तू खाली थांबलीस म्हणून

प्रिय रूममेट,

फोनवर दोनदा बोलायला गेले, दोन्ही वेळा तू "आभार कसले मानतेस गं येडी" म्हणून विषय बदलला, एकदा तर पोरांच्या पेपर तपासणीचं काढून बसलीस. म्हणून आता लिहूनच काढते आणि सगळ्यांसमोर लिहिते, म्हणजे तुला मधेच तोडता येणार नाही.

तुला माहितीये ना, खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कचं पोरीला दोन वर्षांपासून कबूल केलेलं. पहिल्या वर्षी सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं, मागच्या वर्षी धाकट्याला ताप, आणि यंदा वेचणी. आमच्याकडे धरणगाव भागात त्या दिवसांत घरात कापूस, ओट्यावर कापूस, अंगणात कापूस असतो आणि वेचायला बाया मिळत नाहीत, त्यामुळे ह्यांना हलता येणार नव्हतंच. मी पोरीला सांगून मोकळी झाले होते की पुढच्या वर्षी बघू. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली, आणि ते मला जास्त लागलं. रडली असती तर बरं झालं असतं. रात्रीची गाडी, कल्याणला बदलायचं, सोबत बारा वर्षांची एक आणि साडेतीन वर्षांचा एक, एकटीने जायची माझी हिंमतच नव्हती. हे सगळं तुला सहज बोलले आणि तू एका वाक्यात म्हणालीस, "ते येत नाहीत ना, मग मी येते." शाळेत शुक्रवार-सोमवार दोन रजा टाकल्यास आणि कोजागिरीच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी नागपूरहून जळगाव स्टेशनवर हजर. डीएडच्या होस्टेलनंतर इतके सलग दिवस आपण एकत्र राहिलोच नव्हतो गं.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे गुलाबाईला तू जे केलंस ते गल्लीतल्या पोरी अजून विसरल्या नाहीत. भाद्रपदी पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी गाणी म्हणायची आणि शेवटी डबा हलवून खाऊ ओळखायचा, तर आमच्या पोरी इतक्या पटाईत की डब्याच्या नुसत्या आवाजावरून शेंगदाण्याचा लाडू की मुरमुरे की शंकरपाळी ते सांगतात. तू डबा हलवलास, आतून थप थप असा काहीतरी दबका आवाज. गोड की तिखट? गोड. गोल की चौकोनी? चौकोनी. मग वडी, बर्फी, खोबऱ्याची, दुधाची, बेसनाची, सगळं सांगून झालं आणि सगळ्या हरल्या. संत्रा बर्फी निघाली! माझ्या पोरीच्या घरचा खाऊ कोणालाच ओळखता आला नाही हा तिच्यासाठी केवढा मोठा मान, ती दुसऱ्या दिवशी शाळेत पण सांगत होती.

शनिवारी भरीत केलं. वांगी हिरवी बघून तू विचारलंस की कच्ची आहेत का, तेव्हा सासूबाईंनी तुला समोर बसवून शिकवलं, की ही आमची भरताची वांगी, पांढरट हिरवी, बिया कमी, जळगावच्या या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. मागच्या वर्षीच्या कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून भाजली, साल काढली आणि लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण घालून ठेचायला घेतली तेव्हा तू पदर खोचून स्वतः बसलीस. दोन दिवस दंड दुखत होता तुझा, मला कळलं होतं, तू बोलली नाहीस. निघताना मी परत घुटमळले, घर, जनावरं, ह्यांचं जेवण, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "जाय वं माय, मी शे ना घरमा." आणि तुझ्याकडे बघून, "ही तं आपलीच शे." आपलीच आहे.

प्रवासाचं काय सांगू, पोरं झोपली, आपण दोघी जाग्या. पहाटे कल्याण, तिथून खोपोली लोकल, मग रिक्षा. पण एक गोष्ट सांगायचीय. कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर एवढी गर्दी बघून तू पर्समधून बॉलपेन काढलंस आणि धाकट्याच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, माझा मोबाईल नंबर लिहिलास. खाली तुझा पण. म्हणालीस, सहलीला पहिलीच्या सगळ्या पोरांना लिहिते. मी आई असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानंतर दिवसभर माझी छाती धडधडली नाही.

आणि आता मुख्य गोष्ट.

मी आजपर्यंत कोणत्याही पाळण्यात बसलेली नव्हते. लहानपणी अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात पाळणे लागायचे, तिथे धाकट्या भावाला घेऊन खाली मी. लग्नानंतर सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या यात्रेत घोडे बघायला गेलो, तिथल्या आकाशपाळण्याखाली सगळ्यांच्या चपला, पिशव्या, दीराचा मोबाईल घेऊन मी. कोणी जबरदस्ती केली नव्हती. "तुम्ही जा, मी थांबते खाली" हे माझ्या तोंडातून आपोआपच निघतं, आणि आपोआप निघतं म्हणून कोणी परत विचारत नाही.

त्या दिवशी पण तेच निघालं. राजासॉरस नावाच्या राईडच्या रांगेपर्यंत आपण सगळे बरोबर होतो, तिथे तू पोरीला सांगत होतीस की हा डायनासोर आपल्याकडचाच, गुजरातेत रहिओलीला हाडं सापडली, जबलपूरकडे पण, आणि 2003 साली शास्त्रज्ञांनी नाव ठेवलं राजासॉरस नर्मदेन्सिस, नर्मदेवरून. नर्मदा म्हटल्यावर पोरगी चमकली, म्हणजे आपल्या नंदुरबारच्या वरून जाते ती? हो, तीच. आजूबाजूचे अनोळखी लोक पण कान देऊन ऐकत होते, काय सुंदर शिकवतेस गं तू. पुढे नायट्रो आला, तो मोठा रोलर कोस्टर. पायाखाली फळी नाही, पाय हवेत लोंबतात, पाच वेळा उलटं फिरवतं. पोरगी उंचीच्या पट्टीच्या वर होती, जायचंच म्हणून हटून बसली, मी तुला म्हटलं तू जा तिच्याबरोबर, मी थांबते खाली. तू माझ्या खांद्यावरून पिशवी काढून घेतलीस, धाकटा अर्धा झोपलेला, त्याला उचललंस आणि म्हणालीस, "नाही. आज मी थांबते. तू जा."

एवढंच. आवाज पण चढवला नाहीस.

वर चढताना पोरीने माझा हात धरला की मी तिचा धरला, आठवत नाही. अगदी माथ्यावर गेल्यावर एक क्षणभर सगळं शांत झालं, पावसाळा नुकताच गेलेला, समोर सह्याद्री हिरवागार, आमच्या सातपुड्यापेक्षा किती तरी वेगळा, सरळ कापल्यासारखे कडे. आणि मग जे खाली आलं ते, मी ओरडले गं, पूर्ण ताकदीने, "माय वं" म्हणून, अंगातून कायतरी सुटून गेल्यासारखं ओरडले. खाली उतरल्यावर पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मम्मी, तू ओरडतेस पण?" बारा वर्षांत तिने मला रागावून ओरडताना ऐकलंय, आनंदाने ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं. मग आम्ही दोघी एवढ्या हसलो की बाकीचे बघायला लागले.

तू बाकावर बसलेली, धाकटा मांडीवर गाढ झोपलेला, त्याच्या डोळ्यावर ऊन येऊ नये म्हणून ओढणी धरलेली. ऑक्टोबरचं ऊन, तुझ्या स्वतःच्या कपाळावरून घाम चाललेला. मी म्हटलं आता तू जा. तू म्हणालीस, "उठेल तो. अजून एकदा जा." आम्ही अजून एकदा गेलो. मग दुसऱ्या एका राईडला गेलो. दीड तास तू हलली नाहीस, उठलीस तेव्हा पायाला मुंग्या येऊन लंगडत होतीस आणि तरी पोरीला विचारत होतीस की आईने डोळे उघडे ठेवले की मिटले. तू नागपूरहून एवढ्या लांब आलीस, पैसे भरून तिकीट काढलंस, आणि मोठी एक पण राईड केली नाहीस.

मला कोणी मदत केली नाही असं नाही, माझ्या माणसांनी आयुष्यभर केलीय, आजारपणात, बाळंतपणात, अडीअडचणीत. पण माझ्या मजेसाठी कोणी खाली थांबलेलं मी पहिल्यांदा बघितलं. त्याचे आभार आहेत हे. अडचणीतली मदत मागता तरी येते, ही मला मागायला पण सुचली नसती.

पहाटे जळगावला आम्ही उतरलो, तू तशीच पुढे नागपूरला, सोमवारी घरी पोचून मंगळवारी सकाळी वर्गात उभी. धाकट्याच्या हातावरचा नंबर बुधवारपर्यंत होता, मी मुद्दाम घासला नाही. पोरीने घरात सगळ्यांना सांगितलंय, ह्यांना तर तीन वेळा, आणि ह्यांनी काल जेवताना विचारलं, "सारंगखेड्याला यंदा पाळण्यात बसशील?" मी हो म्हटलं.

कळण्याचं पीठ पाठवतेय, चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळलंय, कोमट पाण्यात मळ आणि भाकरी जरा जाडच थाप. भरताची वांगी पार्सलात टिकणार नाहीत. आणि धाकट्याची एक चप्पल तुझ्या निळ्या बॅगेत राहिलीय, कुरिअर करू नको, दत्त जयंतीच्या यात्रेला येशील तेव्हा घेऊन ये. यावेळी खाली मी थांबणार आहे, पोरीला तू घेऊन जायचं.

तुझीच,
होस्टेलची रूममेट