‘आधी तिला विचारा’ : डे मॉइनच्या एका आजींना आभारपत्र

आदरणीय आजी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी, १ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री, आपल्या आयोवा राज्यातले कॉकस (अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायला वस्तीतल्या लोकांनी एकत्र जमून गटागटाने उभे राहण्याची सभा) आटोपून शाळेच्या जिममधून बाहेर पडताना मी तुम्हांला ‘थँक यू’ म्हणाले आणि तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून आपल्या गाडीकडे निघून गेलात. तेवढ्या दोन शब्दांनी माझे समाधान झालेले नाही. चार दिवस स्वयंपाक करताना, गाडी चालवताना तोच क्षण पुन्हा पुन्हा आठवतो आणि डोळे भरून येतात. म्हणून आधी मराठीत लिहिते आहे. शनिवारी तुमच्याकडे येईन तेव्हा इंग्रजीत वाचून दाखवीन. आमच्याकडे तुमच्या वयाच्या बाईंना नावाने हाक मारीत नाहीत, म्हणून तुम्हांला आजी म्हणते.

डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे मार्टिन ओमॅली जिंकणार नाहीत, हे त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या आपल्या कोपऱ्यातल्या नऊही जणांना ठाऊक होते. सात वर्षे बाल्टिमोरचे महापौर आणि आठ वर्षे मेरीलँडचे राज्यपाल राहिलेला, २०१३ मध्ये आपल्या राज्यातला मृत्युदंड रद्द करणारा हा माणूस व्यासपीठावर मात्र कधी खुलला नाही. त्यांची वाक्ये पाठ करून आल्यासारखी वाटत, आणि त्याच उमेदवारीसाठी उभ्या असलेल्या हिलरी क्लिंटन व बर्नी सँडर्स यांची जुंपली की ते मधल्या मध्ये पुसट होऊन जात. १७ जानेवारीच्या चार्लस्टनच्या वादफेरीत त्यांना बोलण्यासाठी दहा सेकंद मागावे लागले आणि तेही मिळाले नाहीत. हे सगळे मला मान्य आहे. तरीही मी त्यांची झाले, ती डिसेंबरअखेरच्या हिमवादळामुळे. टामा गावातल्या त्यांच्या सभेला त्या दिवशी एकच माणूस आला. ओमॅली परत फिरले नाहीत, त्या एकाशी बोलत राहिले. आणि एवढे झाल्यावरही त्या गृहस्थांनी आपले मत अजून ठरलेले नाही, असेच सांगितले. लोक या गोष्टीला हसले. मला मात्र वाटले, की समोरच्या एकट्या माणसाला ‘अजून ठरले नाही’ असे निःसंकोचपणे म्हणता यावे, इतक्या सन्मानाने त्याच्याशी बोलणाऱ्या उमेदवाराच्या मागे आपण उभे राहावे.

कारण तोवर माझ्याकडे आलेली बहुतेक माणसे मला विचारायला आली नव्हती, मोजायला आली होती. नागरिकत्वाची शपथ घेऊन मला जेमतेम दीड वर्ष झाले आहे आणि कॉकसला जाण्याची ही माझी पहिलीच वेळ. दिवाळीच्या सुमारास दारात आलेल्या एका प्रचारकाने या घराचा कल कुणाकडे आहे, हे माझ्या नवऱ्याला विचारले. मी शेजारीच उभी होते. दुसऱ्या एका प्रचार कचेरीत मी मुलांच्या शिक्षणकर्जाबद्दल प्रश्न केला, तर उत्तर वेबसाइटवर आहे असे सांगून त्यांनी स्वयंसेवकाचा अर्ज पुढे केला. आणि जानेवारीत फोन करणाऱ्या एका मुलाने, माझे बोलणे पुरते व्हायच्या आत, ओमॅलींच्या मागे जाऊन वेळ वाया घालवू नका असे बजावले. मायदेशातला अनुभवही वेगळा नव्हता. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी एखादा उमेदवार माघार घेई, आणि त्याच्यासाठी महिनाभर उन्हातान्हात फिरलेल्या लोकांना आपण आता कोणत्या गटात आहोत, हे दुसऱ्या दिवशी पारावर कळे. त्यांना कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

सोमवारी जिममध्ये २१२ माणसे होती. आपला गट टिकायला त्यांतली १५ टक्के, म्हणजे ३२ हवी होती, नाहीतर दुसऱ्या गटात जायचे; आणि आपण नऊ होतो. मोजणी जाहीर होताच दोन्ही मोठ्या बाजूंची माणसे आपल्या कोपऱ्यात शिरली, आणि त्याच गडबडीत कुणाच्या तरी फोनवर बातमी आली, की ओमॅली आज रात्रीच माघार जाहीर करणार आहेत. माझे पाय जड झाले. आपल्या माणसाने मैदान सोडल्याचे दुःख करायलाही सवड नव्हती, कारण तेवढ्यात दुसऱ्या बाजूची एक बाई हसत हसत पुढे आली आणि आपल्या उमेदवाराचे स्टिकर माझ्या कोटावर, ओमॅलींच्या नावावरच, चिकटवू लागली. तिचा हेतू वाईट नसेल. पण मी गोठले; मला इंग्रजीतला एक शब्द सुचेना. तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठलात, तिचे मनगट अलगद धरलेत आणि म्हणालात, ‘आधी तिला विचारा.’

आवाज चढवला नाहीत, भाषण केले नाहीत. तिचा हात खाली गेला आणि तुम्ही पुन्हा खुर्चीत बसून हातमोजे घालू लागलात. आजी, वीस वर्षे मी या देशात आहे. माझ्याशी चांगले वागणारी माणसे पुष्कळ भेटली, मदत करणारी भेटली. पण माझे मत माझ्याजवळ आहे आणि ते मागून घ्यावे लागते, हे माझ्या वतीने कुणी भर गर्दीत बोलले, ते सोमवारीच. त्या रात्री आपल्या नऊ जणांना किती मोल होते, हे राज्याचा निकाल पाहिल्यावर कळले: क्लिंटन ४९.८ टक्के, सँडर्स ४९.६, आणि ओमॅलींना अर्ध्या टक्क्याच्या आसपास. इतक्या अटीतटीत तुम्ही आम्हां सगळ्यांना सहज आपल्या मागे नेऊ शकला असता. आम्ही आलोही असतो. त्याऐवजी तुम्ही प्रत्येकाशी हस्तांदोलन केलेत, आता तुम्ही मोकळे आहात असे म्हणालात आणि एकट्याच एका बाजूला चालत गेलात. मी थोडा वेळ थांबून दुसऱ्या बाजूला गेले. ते तुम्ही पाहिलेत आणि समोरून हात हलवलात.

नंतर बर्फातून चालताना तुम्ही सांगितलेत, की १९८४ मध्ये हीच उमेदवारी मागणाऱ्या गॅरी हार्ट यांच्यासाठी तुम्ही अशाच एका जिममध्ये उभ्या होतात. हार्ट यांच्या त्याच प्रचारासाठी विशीतले ओमॅली आयोवात राबले होते. एवढी वर्षे हरणाऱ्यांच्या बाजूला उभे राहूनही तुमच्या बोलण्यात कडवटपणा नाही. हा सभ्यपणा मी माझ्या मुलीला रोज सांगते आहे, तिला कंटाळा येईपर्यंत.

ओमॅलींचे स्टिकर अजून कोटावरच आहे. त्याचा एक कोपरा तेवढा त्या बाईच्या बोटाने उचलला गेला आहे. शनिवारी तोच कोट घालून येईन आणि सोबत तिळगुळाचा डबा आणीन. संक्रांत होऊन गेली असली तरी आमच्याकडे रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देतात, आणि ती १४ तारखेला आहे.

तुमची,
खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेतली शेजारीण